छपरावरची तार : म्हैसूरची ‘आकाशवाणी’ आणि अँटेना उभारण्याचा हक्क

प्रास्ताविक

भारतातील नभोवाणीचा इतिहास तुम्ही बहुधा केंद्रांच्या आणि कार्यक्रमांच्या अंगाने वाचला असेल. कोणते केंद्र कधी सुरू झाले, कोणी उद्घाटन केले, बातम्या कोण वाचत असे, ही माहिती पुस्तकांत सहज सापडते. या पाठात आपण तोच इतिहास एका साध्या वस्तूवरून वाचणार आहोत. ती वस्तू म्हणजे अँटेना, तुमच्या आजोबांच्या पिढीच्या भाषेत एरियल.

प्रक्षेपक खोलीत लपवता येतो, पण अँटेना लपवता येत नाही. ती छपरावर, उघड्यावर आणि शक्य तितकी उंच असावी लागते. आवाज किती लांब पोहोचणार हे तिच्यावर ठरते, आणि कायद्याचे लक्षही प्रथम तिच्याकडेच जाते. म्हणून आकाशात बोलण्याचा हक्क कोणाला होता, हा प्रश्न छपरावरच्या तारेपासून विचारता येतो. त्यासाठी आपण म्हैसूर, मुंबई आणि आजचा ‘नागरिक पट्टा’ (सीबी) अशी तीन उदाहरणे घेऊ.

१. विठ्ठल विहार, १९३५

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडन विद्यापीठात चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून ते परतले आणि १९२४ मध्ये म्हैसूरला मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. भारतातील अशा सर्वांत जुन्या विभागांत त्याची गणना होते. याच प्राध्यापकांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केले. म्हैसूर आकाशवाणीची आजची इमारत तिथून दोनेकशे यार्डांवर आहे.

आरंभीच्या प्रक्षेपकाची ताकद एखाद्या घरगुती विजेच्या दिव्याइतकीच होती. पुढे २५० वॅटचा प्रक्षेपक आला. खर्च मुख्यतः प्राध्यापकांच्या खिशातून होत असे. कार्यक्रमांत भाषणे आणि संगीत असे. केंद्राला नाव मिळाले ‘आकाशवाणी’. ते सुचवण्याचे श्रेय काही जण गोपालस्वामींना, तर काही जण त्यांचे सहकारी ना. कस्तुरी यांना देतात. जुन्या कथांमध्ये आकाशवाणी म्हणजे बोलणारा दिसत नाही, पण शब्द ऐकू येतो अशी दैवी वाणी. रेडिओला हा शब्द इतका नेमका बसला की ऑल इंडिया रेडिओने १९५७ पासून तोच आपल्या नावासाठी घेतला.

या कथेत बहुतेकांच्या लक्षात राहते ते नाव. आपला प्रश्न वेगळा आहे. इतक्या कमी ताकदीचा आवाज शहरात ऐकू जायचा, तर कशाच्या जोरावर? आणि एका प्राध्यापकाला स्वतःच्या घरावर अशी तार लावू दिली गेली, हे कसे घडले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे, दुसऱ्याचे राज्यव्यवस्थेत.

२. तार किती लांब हवी?

एक सूत्र लक्षात ठेवा. ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. उभी अँटेना चांगली चालण्यासाठी तिची लांबी तरंगलांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असावी लागते.

त्या काळची स्थानिक केंद्रे सहसा मध्यम लहरींवर चालत. समजा, केंद्र १ मेगाहर्ट्झवर आहे. तरंगलांबी ३०० मीटर, म्हणजे चतुर्थांश ७५ मीटर. घराच्या छपरावर ७५ मीटरचा खांब कोण उभारणार? म्हणून लहान केंद्रे तडजोड करीत. दोन खांब किंवा एक खांब आणि एक झाड यांच्यामध्ये आडवी तार ताणायची, तिच्या एका टोकापासून दुसरी तार खाली प्रक्षेपकापर्यंत आणायची, आणि कमी पडणारी लांबी तारेच्या गुंडाळीने, म्हणजे कॉइलने, भरून काढायची. जमिनीत खोल पुरलेले तांब्याचे पत्रे किंवा तारा हा या अँटेनाचा उरलेला अर्धा भाग असे. माती कोरडी असेल, तर प्रक्षेपकातून निघालेली बरीचशी ताकद जमिनीतच उष्णता होऊन संपते. म्हणूनच जुन्या पुस्तकांत एरियलइतकीच पाने अर्थिंगवर खर्ची पडलेली दिसतात.

यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपावी. केंद्राच्या वर्णनात फक्त ‘इतक्या वॅटचे’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून ते किती लांब ऐकू येत होते हे सांगता येत नाही. चांगल्या अँटेनावरचे ५० वॅट वाईट अँटेनावरच्या २५० वॅटना मागे टाकू शकतात.

३. चाचणी : तेव्हाची आणि आताची

नवी अँटेना लावली की ती चालते का, हे कसे ओळखायचे? १९३० च्या दशकात यासाठी दोन मार्ग होते. पहिला, अँटेनाच्या तारेत अ‍ॅमीटर बसवून त्यातून वाहणारा प्रवाह पाहणे. कॉइल थोडी थोडी बदलत जायचे आणि प्रवाह सर्वाधिक होईल तिथे थांबायचे. दुसरा मार्ग म्हणजे ऐकणाऱ्यांना विचारणे. आवाज कोणत्या गावी, किती वाजता, किती स्पष्ट आला, हे श्रोते पत्राने कळवीत. हौशी रेडिओच्या जगात अशी पोचपत्रे पाठवण्याची रीत आजही आहे. इतिहासाच्या दृष्टीने हा मोलाचा ऐवज आहे. सरकारी अहवाल केंद्राची ताकद सांगतो, पण केंद्राचा प्रत्यक्ष पल्ला कळतो तो श्रोत्याच्या पोस्टकार्डावरून.

आज हेच काम एसडब्ल्यूआर मीटर करतो. प्रक्षेपक आणि अँटेना यांच्यामध्ये तो जोडतात. अँटेनाने ताकद पूर्ण स्वीकारली तर वाचन १ येते. जी ताकद ती स्वीकारत नाही, ती केबलमधून परत फिरते. वाचन १.५ असेल तर सुमारे ४ टक्के, २ असेल तर सुमारे ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के ताकद परत येते. ३ च्या पुढे प्रक्षेपकालाच धोका असतो.

चाचणीची पद्धत अशी. आधी अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे नुसती उष्णता करणारा ठरावीक रोध, जोडून मीटर आणि केबल बरोबर आहेत याची खात्री करतात. मग अँटेना जोडून पट्ट्याच्या खालच्या टोकाला, मध्यावर आणि वरच्या टोकाला, अशी कमी ताकदीवर तीन वाचने घेतात. वाचन वरच्या टोकाला वाढत असेल तर अँटेना लांब झाली आहे, ती थोडी कापायची. खालच्या टोकाला वाढत असेल तर ती आखूड आहे, लांबी वाढवायची. एका वेळी अर्धा-एक सेंटिमीटरच कापावे, कारण कापलेले परत जोडता येत नाही. प्रत्येक वाचन तारखेसह वहीत लिहावे. पावसाळ्यानंतर वाचन बदलले, तर जोडात पाणी शिरल्याचे त्या वहीवरूनच कळते.

दोन सूचना मात्र मीटरच्याही आधीच्या आहेत. खांब पडला तरी विजेच्या तारांना लागणार नाही, इतके अंतर ठेवूनच तो उभा करायचा. आणि आकाशातील विजेसाठी अर्थिंग करूनच अँटेना वर चढवायची. म्हैसूरकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा संच सोडवून ठेवणे हा नेहमीचा नियम आहे.

उंचीचा फायदाही मोजता येतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. नऊ मीटरवरच्या अँटेनाचे क्षितिज सुमारे १२ किलोमीटर. चामुंडी टेकडीचा माथा शहराहून सुमारे ३०० मीटर उंच आहे, तिथे हेच क्षितिज सुमारे ७१ किलोमीटर होते. मध्यम लहरी जमिनीला धरून क्षितिजापलीकडे जातात, पण वरच्या वारंवारितांना हा हिशेब बऱ्याच अंशी लागू पडतो.

४. तार आणि कायदा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. परवान्याशिवाय बिनतारी संच नुसता बाळगणे हाही गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होता, आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

तरीही आरंभी नभोवाणी चालवली ती हौशी मंडळींनीच. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले. १९२४ मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने तेच केले. पैशाअभावी तो १९२७ मध्ये थांबला आणि त्याचा प्रक्षेपक मद्रास महापालिकेकडे गेला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. तीही खासगी कंपनी होती आणि १९३० मध्ये बुडाली. त्यानंतर सरकारने नभोवाणी स्वतःच्या हाती घेतली आणि जून १९३६ मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

म्हणजे ब्रिटिश प्रांतांत खासगी नभोवाणी मावळत होती, नेमक्या त्याच वेळी म्हैसूरमध्ये एका घरातून ती उगवली. म्हैसूर हे संस्थान होते. ऑगस्ट १९३५ मध्ये संमत झालेल्या भारत सरकार कायद्याचे १२९ वे कलम इथे महत्त्वाचे आहे. प्रांतांना आणि संघराज्यात येणाऱ्या संस्थानांना आपल्या हद्दीत प्रक्षेपक बांधण्याचा आणि वापरण्याचा अधिकार केंद्राने अवाजवीपणे नाकारू नये, असे ते सांगते. हे कलम प्रत्यक्षात नंतर अमलात आले, त्यामुळे विठ्ठल विहारच्या केंद्राचे ते कारण मानू नका. पण आकाश कोणाचे, केंद्राचे की संस्थानाचे, हा वाद त्या वर्षी जिवंत होता हे त्यावरून दिसते. संस्थानांमधील मोकळी जागा या वादातूनच राहिली होती.

ती मोकळी जागा फार काळ टिकली नाही. चाळिशीच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरचे केंद्र प्राध्यापकांच्या हातून सार्वजनिक व्यवस्थेकडे गेले. स्वातंत्र्याच्या वेळी म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि बडोदा अशी पाच संस्थानी केंद्रे होती. संस्थाने विलीन झाली तशी ही केंद्रेही ऑल इंडिया रेडिओत आली. म्हैसूरचे १९५० मध्ये आले. १९५५ मध्ये केंद्र बेंगळुरूला हलले आणि म्हैसूरला स्वतःचे केंद्र पुन्हा १९७४ मध्ये मिळाले. ‘आकाशवाणी’ हे नाव देशभर पोहोचले होते, पण ते जिथे जन्मले त्या शहरात जवळजवळ दोन दशके केंद्र नव्हते.

५. तुलनेसाठी मुंबई, १९४२

म्हैसूरची तार परवानगीने उभी होती. तिच्या शेजारी परवानगीशिवायची एक तार ठेवून पाहा. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानातील हौशी रेडिओचे परवाने रद्द झाले आणि संच जमा करण्याचे हुकूम निघाले. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले, पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. २७ ऑगस्टपासून तो ४२.३४ मीटरवर बोलू लागला.

आपले सूत्र इथे लावा. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ, हौशी मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्यातील जागा. तिथे अर्धतरंग अँटेनाची एकूण लांबी सुमारे २१ मीटर येते. ती गच्चीवर ताणता येते आणि गुंडाळून दुसऱ्या घरी नेताही येते. मध्यम लहरींचे केंद्र असे हलवता आले नसते. काँग्रेस रेडिओ वारंवार जागा बदलत राहिला, ते लघुलहरींच्या आखूड तारेमुळे शक्य झाले.

पण ज्या तारेतून आवाज बाहेर जातो, तीच तार आपला पत्ताही सांगते. दोन-तीन ठिकाणांहून दिशादर्शक अँटेनाने आवाजाची दिशा घेतली आणि नकाशावर त्या रेषा ओढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. पोलिसांच्या अशा गाड्या मागावर होत्या. अखेर केंद्राच्या एका माहितगार तंत्रज्ञाकडून ठिकाण कळले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ मध्ये सुटल्या. तंत्राच्या दृष्टीने म्हैसूर आणि मुंबईच्या तारांत जात एकच होती. एकीला संस्थानाचा आश्रय मिळाला, दुसरीला तुरुंग.

६. नागरिक पट्टा : संच मोकळा, तार बांधलेली

आता आपल्या काळाकडे या. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला झाला. हाच सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी. १९७३ च्या तेलसंकटात ट्रकचालकांनी तो इतका वापरला की १९७७ मध्ये चॅनेल २३ वरून ४० करावी लागली. पण तिथेही अँटेनाला मर्यादा आहेच. ती जमिनीपासून ६० फूट किंवा इमारतीपासून २० फूट, यांपैकी जी उंची जास्त असेल तिच्यावर जाऊ शकत नाही. ब्रिटनने १९८१ मध्ये सीबीला मान्यता दिली, तेव्हा तर अँटेनाची लांबी दीड मीटरच्या आसपास बांधून टाकली होती.

भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. अट दुहेरी आहे. ताकद पाच वॅटपर्यंत आणि अँटेना संचातच बसवलेली. या पट्ट्यात चतुर्थांश लांबी सुमारे पावणेतीन मीटर होते. हातातल्या संचाची अँटेना त्याच्या निम्म्याचीही नसते. दीड मीटर उंचीवर धरलेल्या अशा दोन संचांमधील क्षितिजाचे अंतर जास्तीत जास्त दहा किलोमीटर, आणि शहराच्या इमारतींत त्याहून खूप कमी. तेच दोन संच नऊ-नऊ मीटरवरच्या अँटेनांना जोडले, तर हिशेबाने सुमारे २५ किलोमीटर मिळतील. पण छपरावर अशी अँटेना लावून सीबीचे तळकेंद्र करणे या सवलतीत बसत नाही. नियमाने संच मोकळा केला आणि तार बांधून ठेवली.

हीच रीत इतरत्रही दिसते. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर आलेल्या २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात प्रभावी ताकद १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत, अशी दोन्ही बंधने होती. १८८५ आणि १९३३ चे जुने कायदे बाजूला सारणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये झाला. त्याही चौकटीत लहरींचे वाटप सरकारच करते.

या बंधनांना आधार नाही असे समजू नका. एका पट्ट्यावर शंभर जणांनी मनमानी अँटेना लावल्या, तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. विमान, पोलीस, रुग्णवाहिका यांच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हौशी रेडिओची एक मोहीम पोर्ट ब्लेअरला गेली होती. अंदमानात अशा प्रक्षेपणाला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि हौसेसाठी उभारलेल्या त्याच अँटेनांवरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. ही परवानगी त्या महिन्यात मिळाली नसती, तर त्या सकाळी तिथे तार उभी नसती.

तुम्हाला स्वतः अँटेना उभारून वर दिलेली चाचणी करायची असेल, तर कायदेशीर वाट हौशी रेडिओच्या परवान्याची आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झाली की त्याची परीक्षा देता येते. २८ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा सीबीच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे मापेही जवळजवळ तीच राहतात.

समारोप

म्हैसूरच्या प्राध्यापकाला मिळालेली मुभा, मुंबईच्या तरुणांना झालेली शिक्षा आणि आजच्या नागरिकाला मिळालेला बिनपरवाना, पण छपरावर न जाऊ शकणारा संच, या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. राज्यसंस्था बोलण्यावर थेट बंदी न घालताही ते किती लांब जावे हे ठरवू शकते, आणि ते ठरवण्याची सोपी जागा म्हणजे अँटेना. म्हणून यापुढे कोणत्याही केंद्राचा इतिहास वाचताना वॅटच्या आकड्यावर थांबू नका. तार किती उंच होती, कोणाच्या छपरावर होती आणि कोणाच्या परवानगीने होती, हेही विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या आकाशवाणी किंवा सामुदायिक रेडिओ केंद्राची वारंवारिता शोधा. तिची तरंगलांबी आणि चतुर्थांश अँटेनाची लांबी काढा.

२. १९३५ मध्ये म्हैसूरला जे शक्य झाले, ते त्याच वर्षी मुंबईत का कठीण होते? १९३३ चा कायदा आणि संस्थानांचे स्थान लक्षात घेऊन उत्तर लिहा.

३. ‘सीबी संचाला अंगचीच अँटेना असावी’ या अटीच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.

४. घरातील किंवा शेजारातील वडीलधाऱ्या माणसांना रेडिओचा परवाना आणि छपरावरचे एरियल यांविषयी विचारा. मिळालेली माहिती तारीख आणि ठिकाणासह नोंदवून वर्गात वाचा.